गुपिताचं निव्वळ वजन

फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई शेअर बाजाराला एक पत्र गेलं. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातली ‘द रावळगाव शुगर फार्म’ ही कंपनी आपला गोळ्यांचा धंदा रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सला विकत होती. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक, टूटी फ्रूटी, सुप्रीम, चोको क्रीम, लॅको, चेरी, असॉर्टेड सेंटर. या सगळ्यांचे ट्रेडमार्क, सगळ्यांच्या कृती आणि बौद्धिक संपदेचे झाडून सारे हक्क, मिळून किंमत २७ कोटी रुपये.

रुपयाला एक गोळी धरली तर २७ कोटी रुपये म्हणजे २७ कोटी गोळ्या. देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या घरात. म्हणजे पाचांतल्या एका माणसानं आयुष्यात एकदाच एक गोळी विकत घेऊन तोंडात टाकली की हिशेब चुकता. दुकानांच्या बाजूनं बघा. भारतात किराणा दुकानं सव्वा कोटीच्या आसपास आहेत असं धरतात. प्रत्येकानं २२ गोळ्या विकल्या की २७ कोटी जमले. बरणी संपत आली म्हणून दुकानदार नवी मागवतो, तेव्हा तळाशी एवढ्या गोळ्या तशाही शिल्लक असतात. हा गल्ल्यावरचा हिशेब आहे, नफ्याचा नाही. पण रक्कम केवढीशी आहे ते कळायला पुरतो.

आता हीच रक्कम उलटी धरून बघा, ती केवढी मोठी आहे तेही दिसेल. एक गोळी ३ ग्रॅमची. २७ कोटी गोळ्यांचं वजन ८१० टन, म्हणजे दहा टनी ८१ ट्रक. वेष्टनाचे पिळलेले कान सोडले तर गोळी दोन सेंटिमीटरची. एकीला लागून एक मांडत गेलं तर ओळ होते ५,४०० किलोमीटरची. नाशिकहून मुंबईला जाऊन परत यायचं, असं सोळा वेळा. मिनिटाला हजार गोळ्या गुंडाळणारं यंत्र रात्रंदिवस चालवलं, एकही पाळी चुकली नाही, तरी गुंडाळून व्हायला १८७ दिवस लागतील. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहरात १४ लाख ८६ हजार माणसं होती; त्यांच्यात वाटायला घेतलं तर तान्ह्या मुलासकट दरडोई १८१ गोळ्या. रोज एक खाल्ली तर सहा महिने.

आणि एकाच माणसानं सगळ्या चघळायच्या ठरवल्या तर? एका गोळीला पाच मिनिटं. मध्ये झोप नाही, जेवण नाही, दात घासणं नाही. २७ कोटी गोळ्यांना १३५ कोटी मिनिटं, म्हणजे २,५६८ वर्षं. २०२४ साली शेवटची गोळी संपवायची तर पहिली इसवी सनापूर्वी ५४५ च्या सुमारास तोंडात टाकायला हवी होती. परंपरेनं बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचा म्हणून जो काळ सांगतात, तो हाच. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातली पांडवलेणी खोदायला घेतली तेव्हा या गृहस्थाची चार-पाचशे वर्षं चघळण्यात गेलेली असती.

तर २७ कोटी हा आकडा असा आहे. कुठून बघाल त्यावर तो चिमूटभर ठरतो किंवा डोंगराएवढा.

मला मात्र या व्यवहारातली दुसरीच गोष्ट विलक्षण वाटते. रावळगावनं जमीन विकली नाही, इमारती विकल्या नाहीत, यंत्रं विकली नाहीत. ते सगळं कंपनीनं स्वतःकडे ठेवलं. विकलं काय, तर नाव आणि कृती. खाऊच्या धंद्यात मोठाले सौदे पुष्कळ होतात, पण त्यांत कारखाने, गोदामं, नोकरवर्ग, विक्रेत्यांचं जाळं, कर्ज असं सगळं गाठोडं एकदम जातं. त्या गाठोड्यातल्या गुपिताची किंमत किती, हे कुणाला वेगळं काढता येत नाही. मार्सनं २००८ मध्ये च्युइंगगमवाली रिग्ली कंपनी २,३०० कोटी डॉलरना घेतली. २०२४ च्या ८३ रुपये दरानं ते होतात सुमारे १ लाख ९० हजार कोटी रुपये. सात हजार रावळगाव! दोन वेगळ्या सालांचे पैसे असे शेजारी ठेवणं हिशेबाला धरून नाही, पण प्रमाण कळतं. त्या १ लाख ९० हजार कोटींत पुदिन्याच्या चवीचं गुपित किती रुपयांचं, हे मात्र कोणीही सांगू शकणार नाही. रावळगावच्या सौद्यात सगळी टरफलं आधीच बाजूला काढलेली होती. मिठाईच्या गुपिताचा एवढा सोललेला भाव क्वचितच बाहेर येतो.

कारण या धंद्यात गुपितं जपण्यावर आणि चोरण्यावर जेवढी शक्ती खर्च झाली आहे, तेवढी खतांच्या किंवा सिमेंटच्या धंद्यातही झाली नसेल.

इंग्लंडमधल्या यॉर्कचे जोसेफ राउंट्री हे क्वेकर पंथाचे. दारूविरोधी, दानशूर, बोलण्याला पक्के. याच जोसेफ राउंट्रींनी १८७० च्या दशकात लंडनच्या वर्तमानपत्रांत कोको कारागीर हवेत म्हणून जाहिराती दिल्या आणि प्रतिस्पर्ध्यांच्या कारखान्यातली माणसं फोडली. फोडताना त्यांच्याकडून कृती मिळवल्या, त्यासाठी पैसे मोजले. तेव्हा कृती कागदावर कमी आणि कारागिराच्या मनगटात जास्त असायची, त्यामुळे कृती चोरायची म्हणजे माणूसच आणायचा. १८७९ मध्ये क्लॉद गाजे नावाचा फ्रेंच मिठाईवाला गमच्या गोळ्यांचे नमुने घेऊन राउंट्रींच्या दारात उभा राहिला. फ्रान्सची त्यातली मक्तेदारी मोडायला त्यांना हेच हवं होतं. दोन वर्षं चाचण्या झाल्या आणि १८८१ मध्ये राउंट्रीच्या पेस्टिल बाजारात आल्या. १९३५ मध्ये याच कंपनीनं काढलेलं चॉकलेट पुढे किटकॅट झालं. १९८८ साली नेस्लेनं ही कंपनी घेतली तेव्हा किंमत पडली सुमारे अडीचशे कोटी पौंड.

फॉरेस्ट मार्स यांनी तर मध्ये माणूसच ठेवला नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला वडिलांशी भांडून ते अमेरिकेतून युरोपात आले आणि चॉकलेट शिकण्यासाठी स्वित्झर्लंडच्या कारखान्यांत साधे कामगार म्हणून लागले. जोएल ग्लेन ब्रेनर या पत्रकार बाईंनी मार्स आणि हर्शी या दोन घराण्यांवरच्या १९९९ च्या पुस्तकात हे लिहिलं आहे. त्याच मार्स कंपनीत पुढे यंत्र दुरुस्तीला बाहेरचा माणूस बोलवावा लागला, तर त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून यंत्रापर्यंत नेत असत, असंही त्या सांगतात. स्वतः दुसऱ्याच्या कारखान्यात साधा कामगार होऊन राबलेल्या माणसाला पट्टीचं महत्त्व पटलेलं असणारच.

रोआल्ड डालच्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’त विली वाँका हेरांना कंटाळून कारखान्याला कुलूप लावतो, ती निव्वळ कल्पना नाही. डाल रेप्टनच्या शाळेत असताना कॅडबरीकडून मुलांना नव्या चॉकलेटांचे खोके चाखून मत द्यायला येत असत. त्या कथेतल्या एका राजाला आपल्याकडे भारतात चॉकलेटचा शंभर खोल्यांचा राजवाडा बांधून मिळतो आणि तो उन्हात वितळतो. डालला मालेगावचा मे महिना ठाऊक असावा!

विसावं शतक संपता संपता हेरगिरीचं रूप पालटलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नेस्ले आणि मार्स यांच्यात जुंपली. निमित्त होतं आत खेळणं घातलेल्या चॉकलेटच्या चेंडूचं. इमॉन जेव्हर्स या पत्रकारानं २०१० मध्ये कंपन्यांच्या हेरगिरीवर पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की नेस्लेच्या वतीनं बेकेट ब्राउन इंटरनॅशनल या खासगी संस्थेनं मार्सच्या कार्यालयाबाहेरच्या कचऱ्याच्या पिशव्या उचलून नेल्या आणि चाळल्या. त्या संस्थेत अमेरिकी अध्यक्षांच्या सुरक्षादलातून बाहेर पडलेली माणसं होती. या खटाटोपातला रोख पाककृतीवर नव्हता. समोरची कंपनी आपल्याविरुद्ध कुणाकुणाला हाताशी धरते आहे, तिचा पुढचा डाव काय, हे त्यांना हवं होतं.

कृतीला गिऱ्हाईक उरलेलं नाही, याचा सगळ्यात मजेदार पुरावा २००६ मधला. कोका-कोलाच्या अटलांटातल्या मुख्यालयातल्या एका सेक्रेटरीनं आणि तिच्या दोन साथीदारांनी कंपनीची गोपनीय कागदपत्रं आणि एका नव्या पेयाचा नमुना विकायचा घाट घातला. एकूण मागणी पंधरा लाख डॉलरच्या वर गेली, तेव्हाच्या दरानं पावणेसात कोटी रुपये. पत्र पाठवलं थेट पेप्सीला. पेप्सीनं ते पत्र कोकला दिलं आणि एफबीआयनं सापळा लावला. विमानतळावर पहिला हप्ता म्हणून तीस हजार डॉलर रोख देण्यात आले, ते बिस्किटांच्या एका पिवळ्या खोक्यात घालून. बाईंना आठ वर्षांची शिक्षा झाली. पेप्सीच्या सज्जनपणाबद्दल तेव्हा बरंच लिहून आलं. मला वाटतं सज्जनपणाइतकाच त्यात हिशेबही होता. हुबेहूब कोकसारखं पेय करून पेप्सीनं विकायचं कुणाला?

आता गोळीकडे परत येऊ, कारण गुपित नेमकं कुठे असतं आणि किती असतं ते मोजता येतं.

साखर आणि लिक्विड ग्लुकोज पाण्यात विरघळवून शिजवायचं. तापमान १४५ ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत गेलं की पाणी उडून दोन-तीन टक्क्यांवर येतं. थेंब गार पाण्यात टाकला तर काचेसारखा तडकतो. तो लगदा थंड पत्र्यावर ओतायचा, जरा निवला की त्यात रंग, आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल आणि अर्क घालायचा. हे आधी घातलं तर अर्क वाफेबरोबर उडून जातो, कारखानाभर घमघमाट सुटतो आणि गोळी मात्र बेचव होते. मग लगदा घडी घालून मळायचा, त्याची दोरी ओढायची, दोरी साच्यांतून गेली की गोळ्या पडतात. लगेच थंड हवेतून नेऊन गुंडाळायच्या, नाहीतर हवेतला दमटपणा ओढून चिकट होतात. एवढ्यात गुपित काहीच नाही. पार्ले कंपनी काढणारे मोहनलाल दयाळ चौहान हे तंत्र शिकायला जर्मनीला गेले, साठ हजारांची यंत्रं घेऊन आले आणि १९२९ मध्ये विलेपार्ल्यात बारा माणसांवर त्यांनी गोळ्या करायला सुरुवात केली, असं सांगितलं जातं. अमेरिकेत मिल्टन हर्शी यांनी १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातून चॉकलेटचं जर्मन यंत्र उचललं. यंत्र विकणारा ते चालवायचं कसं हेही शिकवून जातो. गुपित उरतं ते अर्कात.

तो किती? साधारण हजारात दोन भाग. ३ ग्रॅमच्या गोळीत ६ मिलिग्रॅम. वर ८१० टन गोळ्यांचे ८१ ट्रक उभे केले होते. त्या सगळ्यांतला अर्क मिळून १,६२० किलो होतो, म्हणजे एक पिकअप व्हॅन. ऐंशी ट्रक साखर तर कुणाचीही असू शकते. आपल्या जिभेला जी पान पसंद किंवा मँगो मूड म्हणून ओळखू येते, ती त्या व्हॅनमध्ये आहे.

मात्र व्हॅनमधला माल साधा नाही. आंब्याच्या वासात आजवर २७० हून जास्त वेगवेगळी बाष्पनशील संयुगं सापडली आहेत. समजा, एखाद्या चव-तज्ज्ञानं त्यातली फक्त सहा निवडून आंब्याचा भास तयार केला. प्रमाणाचा विचारच नको, नुसत्या निवडीचा करू. २७० मधून ६ निवडायचे मार्ग होतात ५०,८८१ कोटी. मिनिटाला एक मिश्रण हुंगून बघितलं तर सगळी संपवायला ९ लाख ६८ हजार वर्षं लागतील. आपली आधुनिक मानवजात अवतरून तीन लाख वर्षं झाली. म्हणजे माणूस माणूस व्हायच्या साडेसहा लाखांहून जास्त वर्षं आधी कुणीतरी हुंगायला बसायला हवं होतं, आणि बसलेल्याला हापूस म्हणजे काय ते माहीत हवं होतं.

एकेकाळी हेराला भाव होता तो या ५०,८८१ कोटींमुळे. ‘ती सहा कोणती’ एवढं एक वाक्य फोडणारा माणूस नऊ लाख वर्षांची मेहनत वाचवत होता.

आज तो भाव पडला, कारण गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेलं यंत्र. गोळी विरघळवून त्यातला वास वेगळा काढायचा, यंत्रात सोडायचा. घटक एकामागून एक बाहेर पडतात, प्रत्येकाचा आलेख येतो, संगणक तो आपल्या साठ्यातल्या आलेखांशी ताडून नाव सांगतो. हे तासा-दोन तासांचं काम आहे. नैसर्गिक अर्कांची गुंतागुंत असेल तर तज्ज्ञाला नंतर बरीच डोकेफोड करावी लागते, पण नऊ लाख वर्षं नाही. शिवाय कायद्यानं घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे अशी छापावीच लागते, गोळीच्या चिमुकल्या वेष्टनावर नाही तरी मोठ्या पाकिटावर. साखर, ग्लुकोज, आम्ल, रंगाचा क्रमांक. अर्धी कृती कंपनी स्वतःच छापून विकते. उरलेली अर्धी अनेकदा तिच्या तिजोरीत नसतेच, ती अर्क बनवणाऱ्या घराण्यांकडे असते. जिवोदाँ, सिमराइझ अशी ही जागतिक नावं. आपल्याकडे १९२२ पासून मुंबईत असलेलं एस. एच. केळकर हे त्याच पंगतीतलं. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन गोळीवाल्यांचे अर्क एकाच प्रयोगशाळेत शेजारच्या कपाटांत असू शकतात.

रावळगावपुरतं बोलायचं तर तिथे हेराला काम पडलंच नाही. नाशिक जिल्ह्याला हेरांचं वावडं आहे असं मात्र समजू नका.

रावळगावचे संस्थापक वालचंद हिराचंद सोलापूरचे. १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनी उभी करण्यात ते होते, १९३३ मध्ये रावळगावच्या साखरेत आले. पुढची यादी सालवार वाचण्यासारखी आहे. १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची पायाभरणी, १९४२ मध्ये रावळगावची गोळी, १९४४ मध्ये प्रीमियर मोटारी. विमान आणि मोटार यांच्यामध्ये गोळी! त्या विमान कारखान्याचं पुढे सरकारीकरण झालं. आज तो हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल. १९६० च्या दशकात मिग विमानांसाठी त्याचा कारखाना आला नाशिकजवळ ओझरला. म्हणजे एकाच माणसाच्या हातून निघालेल्या दोन धंद्यांची गुपितं एकाच जिल्ह्यात नांदत होती. ऑक्टोबर २०२० मध्ये ओझरच्या कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याला राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानं अटक केली. आरोप होता पाकिस्तानच्या आयएसआयला माहिती पुरवल्याचा. विमानाच्या गुपितावर परदेशी सरकारं डोळा ठेवतात. एचएएलचं शेअर बाजारातलं मूल्य २०२४ साली दोन लाख कोटींच्या वर गेलं. त्याच साली गोळीच्या गुपिताला भाव आला २७ कोटी, सात हजार पटींहून जास्त फरकानं. भावंडांमध्ये एवढी तफावत क्वचितच असेल.

जिल्ह्यात तिसरं गुपितही आहे. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्याचं. आणि रावळगावच्या गोळीचं खरं नातं मला साखरेपेक्षा या छापखान्याशी दिसतं.

नोटा नाशिकरोडला छापल्या जायच्या. पण दुकानात बारा आण्यांचे सुटे नसले की काउंटरवरचा हात गल्ल्याकडे न जाता बरणीत जायचा. ‘सुटे नाहीत, गोळी घ्या.’ गिऱ्हाईक कुरकुरायचं आणि घ्यायचं. चार आण्याला एक, आठ आण्याला एक. उलट दिशेनं मात्र हे चलन चालत नसे. चार गोळ्या देऊन रुपया मागितला असता तर दुकानदारानं वेड्यात काढलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबात नसलेलं हे नाणं मालेगाव तालुक्यात पाडलं जात होतं, आणि त्याला पहारा नव्हता. १९८० च्या दशकात टीव्हीवर कडवट बोलणारी बाई पान पसंद खाऊन लाडात बोलायला लागायची ती जाहिरात गाजली खरी. तरी कितीतरी गोळ्या कुणी मागून न घेता, सुट्या पैशांऐवजी खिशात पडून खपल्या असाव्यात असं मला वाटतं.

मग पायाखालचं नाणंच सरकलं. ३० जून २०११ ला चार आणे चलनातून अधिकृतपणे गेले. आठ आणे कायद्यानं राहिले, पण दुकानदार घेईनासे झाले. साखर, वीज, मजुरी महागत गेली आणि गोळीची किंमत रुपयाच्या वर न्यायची सोय नव्हती. सौद्याच्या वेळी कंपनीनं बाजारातला वाटा कमी होण्याची जी कारणं दिली त्यांत हेच आहे. कच्चा माल आणि मजुरी वाढली, गोळीचे दर वाढले नाहीत, वर संघटित-असंघटित दोन्ही बाजूंनी स्पर्धा. त्यात २०१६ मध्ये यूपीआय आलं. १७ रुपये ५० पैसे झाले तर मोबाईलवरून तेवढेच जातात, मागे काहीच उरत नाही. सौद्याच्या आदल्या महिन्यात, जानेवारी २०२४ मध्ये, देशात यूपीआयचे सुमारे १,२२० कोटी व्यवहार झाले. त्यातल्या दर पंचेचाळिसाव्या व्यवहाराला दुकानदारानं सुट्याऐवजी एक गोळी दिली असती, तर त्या एकाच महिन्यात २७ कोटी गोळ्या खपल्या असत्या.

गोळ्यांचा जमाना संपला म्हणावं तर तसंही नाही. २०१५ मध्ये डीएस ग्रुपनं पल्स काढली. वरून कैरी, फोडली की आत तिखट-मिठाची पूड. रुपयाला एक. आठ महिन्यांत शंभर कोटींचा टप्पा गाठला. कडक गोळीच्या पोटात पूड भरणं हे खरोखरच यंत्राचं कसब आहे, तरी बाजारात मसाला भरलेल्या कैरीच्या गोळ्यांची रांग लागायला फार दिवस लागले नाहीत. २०२३-२४ मध्ये पल्सची ग्राहक-किमतीतली विक्री ७५० कोटी, म्हणजे तितक्याच गोळ्या. भागाकार केला तर दर तेरा दिवसांना २७ कोटी. रावळगावच्या ८२ वर्षांच्या नावांची आणि कृतींची किंमत पल्सच्या गल्ल्यात पंधरवड्याच्या आत जमा होते.

त्यामुळे घेणाऱ्याची चूक झाली की विकणाऱ्याची, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. मार्च २०२४ अखेर रिलायन्सची किरकोळ विक्रीची दुकानं १८,८३६ होती. ज्याच्याकडे मांडायला फळ्या आहेत त्याला कृती स्वस्तच पडते. रिलायन्सनं २०२२ मध्ये कँपा कोलाचं नावही सुमारे २२ कोटींना घेतलं होतं. ज्याच्याकडे फळी उरली नाही, त्याला तीच कृती जपून ठेवायचाही खर्च पडतो. हर्शी यांनी १९०० साली कॅरमेलचा धंदा दहा लाख डॉलरना विकला आणि चॉकलेट स्वतःकडे ठेवलं, कारण त्यांना पुढे काय करायचं ते दिसत होतं. रावळगावनं गोळी विकली आणि जमीन ठेवली.

या सगळ्यात कायदा काय म्हणतो? अमेरिकेत १९९६ पासून आर्थिक हेरगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, धंद्याचं गुपित चोरलं तर दहा वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडे वेगळा कायदा नसल्यामुळे करार, विश्वासभंग, कॉपीराइट अशा तुकड्यांवर काम भागवत आले. रावळगावचा सौदा जाहीर झाला त्याच्या पुढच्याच महिन्यात, मार्च २०२४ मध्ये, विधी आयोगानं आपला २८९ वा अहवाल दिला. विषय होता व्यापारी गुपितं आणि आर्थिक हेरगिरी, सोबत विधेयकाचा मसुदा. कारागिराला बांधून ठेवायचं म्हटलं तर १८७२ चा करार कायदा आडवा येतो. धंदा करण्याला आडकाठी करणारा करार त्यानं रद्द ठरवला आहे. कलम योगायोगानं २७. म्हणजे राउंट्रींनी लंडनच्या कारागिरांना जसं बोलावलं, तसं कुणी रावळगावच्या कारागिराला नोकरी सुटल्यावर बोलावलं असतं, तर त्याला जाण्यापासून अडवणं अवघडच होतं.

आणि समजा, कोणी कृती पळवली असती आणि खटला उभा राहिला असता, तर न्यायाधीशांनी नुकसान किती धरलं असतं? नऊ नावं, २७ कोटी. सरासरी एकेकीला तीन कोटी. दक्षिण मुंबईत एक बरा फ्लॅट. पण जाहीर झालेला आकडा नाव आणि कृती यांचा मिळून आहे. ‘पान पसंद’ ही अक्षरं किती लाखांची आणि त्यामागचे ६ मिलिग्रॅम किती लाखांचे, याची फोड त्यात नाही. घाऊक बाजारात पानाच्या चवीच्या, कुणाचंच नाव नसलेल्या गोळ्या पूर्वीही किलोवर मिळत होत्या, आताही मिळतात. त्या करणाऱ्यांना रावळगावात हेर पाठवावा लागला नव्हता.